छापलेली गाणी, गायलेल्या कविता

१८०२ साली वॉल्टर स्कॉट स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या एट्रिक खोऱ्यात गेला होता. जुनी कथागीतं गोळा करण्याचा त्याला ध्यास होता आणि त्याच वर्षी त्याच्या संग्रहाचे पहिले दोन खंड छापून बाहेर पडले होते. जेम्स हॉग या मेंढपाळ कवीच्या आईनं, मार्गारेट लेडलॉनं, त्याला एक लांबलचक गाणं म्हणून दाखवलं. संपल्यावर स्कॉटनं विचारलं, हे कधी छापलं गेलंय का? त्यावर बाईनं त्याला चांगलंच सुनावलं. हॉगनं ते पुढे लिहून ठेवलं आहे. तुम्ही छापेपर्यंत माझी गाणी कुणी छापली नव्हती. ती गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही त्यांची जादू घालवलीत, आता ती कुणी गाणार नाही. शिवाय ना ती धड लिहिलीत, ना धड मांडलीत.

या बाईचं बोलणं माझी पाठ सोडत नाही. मी इंग्रजी साहित्य शिकवते, म्हणजे छापलेल्या कवितेवरच माझं पोट चालतं. आणि माझ्या आवडीचं संगीत म्हणाल तर ते नेमकं त्या बाईच्या अंगणातलं: आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्सच्या वायव्य टोकाचा ब्रिटनी प्रांत आणि तिथून समुद्रापार गेलेल्या माणसांचं. ज्याला ढोबळपणे केल्टिक म्हटलं जातं, त्या संगीतात दोन प्रकारचे शब्द शेजारी शेजारी नांदतात. एक, कुणी रचले याचा पत्ता नसलेली गाणी. दुसरे, टेनिसन, येट्स, ब्लेक, शेक्सपिअर यांच्या कविता. एकाच कॅसेटवर, एकाच आवाजात, एकाच हार्पच्या साथीनं. ऐकताना कधी कधी कुठलं काय हेही कळत नाही. हे कसं जमतं, असं मनात येत राहिलं, आणि त्याचा माग काढताना प्रत्येक वेळी मी मार्गारेटपाशी येऊन थांबले.

तिची तक्रार रास्तच होती. हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२पासून इंग्लंड-स्कॉटलंडच्या कथागीतांचा जो महासंग्रह काढला, त्यात ३०५ गाणी आहेत, एकेकाचे कितीतरी पाठभेद आहेत, अभ्यासाला त्याला तोड नाही. पण चाली? त्या शेवटी मूठभर. चाइल्ड यांनी शब्द वाचवले. चाली एकत्र लावण्याचं काम बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी केलं, पण त्यांचा पहिला खंड यायला १९५९ साल उजाडलं. मधल्या काळात गाणं म्हणजे कडव्यांची एक लांब पट्टी, असाच समज विद्यापीठांत रुळला. या संग्रहाला सगळ्यात चांगलं धन पुरवणाऱ्यांपैकी एक होती ॲबर्डीनच्या प्राध्यापकाची मुलगी, ॲना गॉर्डन. तिला ही गाणी आई, मावशी आणि घरातल्या दाईकडून लहानपणीच पाठ झाली होती. म्हणजे पाठ होती ती बायकांची, आणि पुस्तकावर नाव चढलं पुरुषांचं. हे आपल्याकडेही नवीन नाही, पण तो विषय वेगळा.

आयर्लंडमध्ये याच्या नेमकं उलटं घडलं. जुलै १७९२मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरवला गेला, कारण ती परंपरा संपत चालल्याचं सगळ्यांना दिसत होतं. जेमतेम दहा आयरिश वादक जमले आणि एक वेल्समधून आलेला. त्यांच्यातला नव्वदी ओलांडलेला, आंधळा डेनिस हेम्पसन हा जुन्या रीतीनं, धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडणारा एकटाच उरला होता. एडवर्ड बंटिंग नावाच्या १९ वर्षांच्या ऑर्गनवादकाला चाली उतरवून घ्यायला बसवलं होतं. त्यानं जन्मभर तेच काम केलं. पण त्यानं टिपले ते सूर, आणि छापले ते पियानोसाठी. शब्द बहुतेक बाजूलाच राहिले. मग टॉमस मूर या कवीनं त्यातल्याच कितीतरी चाली उचलून त्यांवर स्वतःचे शब्द बसवले आणि ती गाणी लंडनच्या दिवाणखान्यांत गाजली. एकीकडे चालीविना शब्द, दुसरीकडे शब्दांविना चाली. दोन्ही कागदावर सुरक्षित, आणि दोन्ही एकमेकांवाचून अर्धे.

पुढच्या पिढ्यांतल्या गायकांसमोर हे दोन ढीग होते. हे ढीग एकमेकांशी जोडणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जवळची वाटते ती लोरीना मॅकेनिट.

ती आयर्लंडची नाही. तिचा जन्म १९५७ सालचा, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या मॉर्डन गावचा. चौफेर सपाट, गव्हाच्या शेतांचा मुलूख. वडील गुरांचे व्यापारी, आई परिचारिका, घराण्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडमधली. तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. विनिपेगला शिकायला गेल्यावर तिथल्या लोकसंगीताच्या मंडळींमध्ये ती मिसळली आणि ब्रिटनीच्या अ‍ॅलन स्टिव्हेलची हार्प तिच्या कानावर पडली. त्या हार्पचीही एक कथा आहे. ब्रिटनीत ही हार्प केव्हाच नामशेष झाली होती. स्टिव्हेलच्या वडिलांनी ती विसाव्या शतकात पुन्हा हातानं घडवली, आणि मुलानं १९७१च्या सुमारास त्यावर अख्खी तबकडी काढून जगभरच्या तरुणांना वेड लावलं. मॅकेनिटच्या हातात हार्प आली ती अशी एका बापलेकानं नव्यानं घडवलेल्या परंपरेतून. मला यात कमीपणा वाटत नाही. तुटलेली परंपरा पुन्हा जोडायला कुणीतरी सुतारकाम करावंच लागतं.

१९८१ साली ती ऑन्टॅरिओतल्या स्ट्रॅटफर्डला राहायला गेली. हे गाव शेक्सपिअर महोत्सवाचं. नाटकांच्या सहवासात काढलेली ही वर्षं तिच्या गाण्यात मला सतत ऐकू येतात. ती शब्द टाकते कसा, ओळीच्या आधी श्वास कुठे घेते, व्यंजन कुठे सोडते, हे नाटकवाल्याचं कसब आहे. १९८५ साली तिनं दक्षिण ऑन्टॅरिओतल्या एका धान्याच्या कोठारात आपली पहिली गाणी ध्वनिमुद्रित केली आणि क्विनलन रोड नावाची स्वतःची कंपनी काढली. त्या कॅसेट ती टोरांटोच्या सेंट लॉरेन्स मार्केटमध्ये हार्प वाजवत विकायची. भाजी, चीज आणि माशांच्या बाजारात उभं राहून येट्सची कविता गायची. तिच्या या पहिल्याच कॅसेटवर अनामिक लोकगीतांच्या मांडीला मांडी लावून येट्स आहे आणि ब्लेकही आहे. पुढे मोठ्या कंपनीशी वितरणाचा करार झाला, जगभर लक्षावधी प्रती गेल्या, तरी मालकी तिनं स्वतःकडेच ठेवली.

तिचं १९९४ सालचं ‘द बॉनी स्वान्स’ हे गाणं घ्या. मूळ कथागीत चाइल्ड यांच्या क्रमवारीत दहावं. १६५६ सालापासून छापील रूपात सापडतं आणि त्याचे सोयरे थेट स्कँडिनेव्हियापर्यंत पसरलेले. दोन बहिणी, एकच पुरुष. थोरली धाकटीला पाण्यात ढकलते. प्रेत वाहत पाणचक्कीच्या बंधाऱ्यापाशी येतं. चक्कीवाल्याच्या मुलीला ते आधी हंसासारखं वाटतं. मग कुणी हार्पवाला तिथून जातो. तिच्या बोटांच्या खुंट्या करतो, सोनेरी केसांच्या तारा करतो, छातीच्या हाडाचा सांगाडा करतो आणि ती हार्प तिच्याच बापाच्या महालात नेऊन ठेवतो. हार्प आपोआप वाजू लागते आणि भर सभेत एकेकाला ओळखत जाते: हे माझे वडील, ही आई, हा भाऊ, आणि ती तिथे बसलेली माझी दगलबाज बहीण, जिनं मला बुडवलं.

एक गंमत मला फार प्रिय आहे. गाण्याच्या सुरुवातीला बाप उत्तरेकडचा शेतकरी असतो. शेवटी हार्प गाते तेव्हा तोच राजा होतो आणि आई राणी. वेगवेगळ्या गावांतले पाठभेद एकमेकांत मिसळले, त्याचा हा मागमूस. पुस्तकाच्या संपादकानं इथे तळटीप दिली असती, नाहीतर एक तरी ओळ दुरुस्त केली असती. मॅकेनिट काहीच करत नाही. शेतकरी राजा होतो आणि गाणाऱ्याला, ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण तोवर मुलगी मेलेली असते आणि तिच्या तोंडी बाप राजाच असणार. ‘धड लिहिलं नाहीत’ या मार्गारेटच्या ठपक्याला इथे उत्तर मिळतं असं मला वाटतं: गाण्याचं व्याकरण वेगळं आहे आणि ते कुणीतरी पाळलं आहे. शिवाय ही कथा गाते कोण? स्वतः हार्प वाजवणारी बाई. अधूनमधून ह्यू मार्शचं व्हायोलिन आणि ब्रायन ह्यूजची इलेक्ट्रिक गिटार समोरासमोर येऊन अशी भांडतात की त्या दोन बहिणींची आठवण व्हावी.

आता एक अडचण, जी माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी श्रोत्यांना येते. ‘चाल एकच आहे, दहा मिनिटं तेच तेच,’ असं ते म्हणतात. आपला कान भावगीतावर पोसलेला. मुखडा, मग अंतरा, अंतऱ्याची चाल वेगळी, मध्ये वाद्यांचा तुकडा, परत मुखडा. संगीतकारानं कवितेच्या दर वळणाला वेगळी जागा द्यावी, ही आपली अपेक्षा. कथागीत तसं चालत नाही. तिथे एक चाल असते आणि पंधरा-वीस कडवी तिच्यावरून जातात. पण आपल्याच घरात जात्यावरची ओवी होती, तिला कुठे अंतरा होता? ओवीची चाल दळणाच्या फेऱ्याला बांधलेली, आणि म्हणणारी बाई तिच्यावर माहेर, भाऊ, विठ्ठल, सासू असं काय काय घालत जाई. चाल स्थिर असली की कान शब्दाकडे वळतो. तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत चाल ऐकू येणं थांबतं आणि गोष्ट ऐकू यायला लागते. या संगीताला एवढा अवधी द्यावा लागतो. चहा घेता घेता पहिलं दीड मिनिट ऐकून ते बंद करणाऱ्याला ते काही देत नाही, हे मी मान्य करते.

‘द लेडी ऑफ शॅलॉट’ आम्हाला बी.ए.ला होती. नाशिकला, दुपारच्या तासाला, गाइडमधून. एकोणीस कडवी, कला विरुद्ध जीवन, व्हिक्टोरियन स्त्रीचा कोंडमारा, प्रत्येकी पाच गुणांचे प्रश्न. टेनिसननं ती १८३२ साली छापली आणि मग १८४२ साली बरीच दुरुस्त केली, हेही पाठ होतं. एका मनोऱ्यात कोंडलेली बाई, तिला शाप आहे की बाहेर थेट पाहायचं नाही, आरशात जे दिसेल ते मागावर विणायचं. एक दिवस आरशात राजा आर्थरचा सरदार लान्सलॉट चमकतो, ती खिडकीशी धावते, आरसा तडकतो, आणि ती होडीत बसून कॅमेलॉटच्या, म्हणजे आर्थरच्या राजधानीच्या दिशेनं वाहत जाताना मरते. एवढं मला ठाऊक होतं आणि यातलं काहीच मला लागलं नव्हतं. मग मॅकेनिटच्या १९९१ सालच्या ‘द व्हिजिट’ या ध्वनिमुद्रिकेत मी ती ऐकली. साडेअकरा मिनिटं.

या कवितेच्या कडव्याची बांधणी चमत्कारिक आहे. नऊ ओळी. पहिल्या चार एकाच यमकावर. पाचवी बहुतेक वेळा ‘कॅमेलॉट’वर संपते. मग तीन ओळी दुसऱ्या यमकावर आणि नववी येऊन टेकते ‘शॅलॉट’वर. वाचताना हा खटाटोप वाटतो, एवढी यमकं कशाला, असं होतं. गाताना कळतं की ही लागोपाठची यमकं म्हणजे वल्ह्याचे फटकारे आहेत. त्यांनी होडी पुढे सरकते आणि पाचव्या नि नवव्या ओळीला काठ लागतो. एक काठ कॅमेलॉट, एक काठ शॅलॉट. दर कडव्याला हा प्रवास होतो. मग तिसऱ्या भागात लान्सलॉट येतो. ऊन त्याच्या कपाळावर आहे, घोड्याचे खूर चमकताहेत, तो नदीकाठानं गाणं गुणगुणत चालला आहे. आणि जिथे आजवर ‘शॅलॉट’ येत आलं, त्या शेवटच्या जागेवर या वेळी त्याचं नाव येतं. बाईची जागा त्यानं घेतली! मी ही कविता परीक्षेसाठी इतक्यांदा वाचली होती आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. चाल जिथे विसावते तिथे वेगळं नाव पडलं, तेव्हा कानाला ते टोचलं.

तिनं सगळी कडवी घेतलेली नाहीत. लान्सलॉटच्या घोड्याच्या साजाची, लगामावरच्या रत्नांची कडवी ती गात नाही. कवितेच्या अभ्यासकाला हा अपराध वाटेल. मला वाटतं, तिचा निर्णय अचूक आहे. डोळ्याला जो झगमगाट हवा असतो तो कानाला जड होतो. गायकाला गोष्ट पलीकडच्या काठाला न्यायची असते. शाहीरही समोरच्या फडाकडे बघून कडवी गाळतोच.

आता मी वर्गात कविता शिकवण्याआधी हे गाणं पूर्ण ऐकवते. मुलं पहिल्या तीन मिनिटांत चुळबुळतात, मग शांत होतात. एकदा येवल्याची एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली. तिच्या घरी पैठणीचा माग आहे. ‘मॅडम, तिला आरसा कशाला लागतो? शापासाठी?’ मी तिला सांगितलं की युरोपात चित्रांचे पडदे विणणारे कारागीर उभ्या मागाच्या मागच्या अंगानं विणत, त्यामुळे समोरची बाजू कशी उतरतेय ते बघायला आरसा लावत; टेनिसननं तो खऱ्या मागावरून उचललेला आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या पदराला आरसा लागत नाही. खरी पैठणी उलटीकडूनही तशीच दिसते. माझी आई सगळं समोरच बघते.’ मी त्या दिवसापासून ही कविता तिच्या आईच्या मागाशी नेऊन शिकवते. कुठल्याही गाइडमध्ये हे नाही. गाणं ऐकलं नसतं तर त्या मुलीला मागाचा विचार सुचलाच नसता, अशी माझी खात्री आहे. नुसत्या छापील ओळींवर ती कधी थांबली नव्हती.

आल्फ्रेड नॉइजची ‘द हायवेमन’ ही १९०६ सालची कविताही तिनं १९९७ साली अशीच गायली, दहा मिनिटांहून थोडी जास्त. चंद्र, रस्ता, दरोडेखोर, सराईवाल्याची काळ्या डोळ्यांची मुलगी बेस. कवितेचं वृत्तच घोड्याच्या टापांचं आहे, त्यामुळे चाल लावणाऱ्याला निम्मं काम आयतं मिळतं. मला ती ‘शॅलॉट’इतकी भिडत नाही. नॉइज सगळंच ठासून सांगतो, गायकाला भरायला मोकळी जागा ठेवत नाही.

येट्सचं प्रकरण सगळ्यात विलक्षण. १८८९ साली त्यानं एक छोटीशी कविता छापली. विलोंच्या बागेत ती भेटली. म्हणाली, प्रेम हलकेच घे, झाडाला पानं फुटतात तसं. पण मी तरुण होतो, वेडा होतो, ऐकलं नाही. दोनच कडवी. आज ती ‘डाउन बाय द सॅली गार्डन्स’ म्हणून ओळखली जाते, पण त्या वेळी त्यानं तिचं नाव ‘पुन्हा गायलेलं एक जुनं गाणं’ अशा अर्थाचं दिलं होतं, आणि खाली टीप जोडली होती: स्लायगो परगण्यातल्या बॅलिसडेअर गावची एक म्हातारी शेतकरीण स्वतःशीच गुणगुणते, त्यातल्या अर्धवट आठवलेल्या तीन ओळींवरून जुनं गाणं परत उभं करण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या म्हातारीचं नाव कुठे नाही. तिच्या तीन ओळी येट्सच्या हाती आल्या, त्यानं बारा-पंधरा नव्हे, मोजक्याच ओळींत त्यांना घर बांधून दिलं. मग १९०९ साली हर्बर्ट ह्यूज या अल्स्टरच्या संगीतकारानं ती कविता एका जुन्या लोकचालीवर बसवली. बॅलिसडेअरची बाई कुठल्या चालीत गायची ते तर गेलंच होतं. ही चाल दुसऱ्याच गाण्याची. पण शब्दांना ती अशी बसली की आज शंभर वर्षं हे गाणं आयर्लंडमध्ये शाळेत, लग्नात, मयतीत म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्या कित्येकांना ही नोबेल मिळवलेल्या कवीची रचना आहे याचा पत्ताही नसतो. तोंडातून कागदावर, कागदावरून परत तोंडात. मार्गारेट लेडलॉ म्हणाली होती की एकदा छापलं की संपलं. इथे छापल्यामुळेच तीन ओळी वाचल्या.

आणि हा येट्स सुरांच्या बाबतीत ठार बहिरा होता, त्याला चाल ओळखता येत नसे, हे त्याच्या ओळखीच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. तरी त्याला कविता नुसती वाचलेली चालत नसे. जुनी वाद्यं घडवणारे अर्नोल्ड डोल्मेच यांच्याकडून सॉल्टरी नावाचं तंतुवाद्य बनवून घेऊन फ्लॉरेन्स फार या अभिनेत्रीबरोबर त्यानं कवितापठणाचे कितीतरी प्रयोग केले. संगीतकार शब्द गिळतात ही त्याची तक्रार असे. मॅकेनिटनं १९८५ साली त्याची ‘स्टोलन चाइल्ड’ गायली आणि २०१० साली ‘सॅली गार्डन्स’; दोन्हींमध्ये एकही शब्द गिळलेला नाही.

मॅकेनिटवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. धुकं फार आहे. मेणबत्त्या, सिंथेसायझरचा दाट पडदा, मखमली पोशाख; दुकानात तिच्या तबकड्या मन शांत करणाऱ्या संगीताच्या खणात ठेवल्या जातात. १९९१ साली व्हेनिसला केल्ट लोकांवर मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून तिला कळलं की हे लोक आयर्लंड-स्कॉटलंडपुरते नव्हते, युरोपभर आणि पार आशिया मायनरपर्यंत त्यांचा वावर होता. तेव्हापासून तिच्या संगीतात ऊद हे अरबी तंतुवाद्य आलं, तुर्की नि अरबी ताल आले, स्पेन आणि मोरोक्को आले. त्यातलं काही मला खूप आवडतं, काही ठिकाणी मात्र शब्द त्या गालिच्यात हरवतात. कवितेच्या बाबतीत कमी वाद्यांची मॅकेनिट मला जास्त खरी वाटते. म्हणून ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ ही २०१० सालची ध्वनिमुद्रिका मी पुन्हा पुन्हा लावते. ऑन्टॅरिओतल्या शॅरन गावच्या जुन्या लाकडी प्रार्थनामंदिरात ती मुद्रित केली आहे आणि जवळजवळ सगळी पारंपरिक गाणी आहेत. तुम्ही कधीच ऐकलं नसेल तर सुरुवात तिथून करा.

त्यातलं शीर्षकगीतही पारंपरिक मानलं जातं, पण ते आहे रॉबर्ट ड्वायर जॉइस या लिमरिकच्या कवीचं, एकोणिसाव्या शतकातलं. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८च्या उठावात सामील व्हायला निघालेला तरुण, प्रेयसीला सोडावं की नाही या घालमेलीत असताना शत्रूची गोळी तिलाच लागते. सातूच्या शेतातला वारा पालुपदात वाहत राहतो. बंडखोर वाटेवरच्या शिदोरीसाठी खिशात सातू बाळगत. त्यांना जिथे एकत्र पुरलं, तिथे पुढच्या वसंतात सातू उगवला, असं आयर्लंडमध्ये सांगतात. हे कळल्यावर ते पालुपद मला निसर्गवर्णन म्हणून ऐकता येईना.

तसंच ‘बॉनी पोर्टमोर’. अँट्रिम परगण्यातल्या पोर्टमोरला एक अवाढव्य ओक होता. १७६०च्या वादळात तो पडला, त्याचं लाकूड विकलं गेलं. भोवतीची ओकची रानंही अशीच गेली. त्यावर हे गाणं. झाडासाठी रडणारं, पाखरं कुठे राहणार म्हणून विचारणारं. गाण्यात युद्ध नाही, प्रेम नाही, खून नाही, आणि तरी ‘द व्हिजिट’वरचं हे मला सर्वांत दुःखी गाणं वाटतं. आमच्या रस्त्यावरचे वड गेल्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी तोडले, तेव्हा आम्ही निवेदनं दिली, फोटो काढले. गाणं कुणाला सुचलं नाही.

१९९८च्या जुलैमध्ये मॅकेनिटचा होणारा नवरा, त्याचा भाऊ आणि एक मित्र जॉर्जियन बेमध्ये नाव बुडून गेले. तिनं त्यांच्या नावानं जलसुरक्षेसाठी निधी उभारला आणि १९९७नंतरची नव्या गाण्यांची पुढची ध्वनिमुद्रिका थेट २००६ साली आणली. तीत, इतर गोष्टींबरोबर, वॉल्टर स्कॉटचे शब्द आहेत: एका इंग्लिश सरदारकन्येचं आणि स्कॉटिश योद्ध्याचं गाणं, त्याच्या १८०५ सालच्या दीर्घकाव्यात एका पात्राच्या तोंडी घातलेलं. स्कॉटनं ते ‘गाणं’ म्हणूनच लिहिलं होतं, चाल मात्र वाचणाऱ्याच्या कल्पनेवर सोडली होती.

२००६च्याच सप्टेंबरमध्ये तिनं स्पेनमध्ये ग्रॅनडाला, आल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारात कार्यक्रम केले. त्यात ‘शॅलॉट’ आहे, ‘पोर्टमोर’ आहे आणि ‘रॅग्लन रोड’ही आहे. ही शेवटची कविता पॅट्रिक कॅव्हनॉची, १९४६ साली डब्लिनच्या ‘आयरिश प्रेस’मध्ये वेगळ्याच नावानं छापून आलेली, एका काळ्याभोर केसांच्या मुलीवरच्या फसलेल्या प्रेमाची. तिला आज जी चाल आहे ती ‘पहाट उजाडताना’ या अर्थाच्या एका जुन्या आयरिश गाण्याची. ल्यूक केली या लाल दाढीच्या डब्लिनकर गायकानं पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे: बेली नावाच्या पबमध्ये आम्ही बसलो होतो, कॅव्हनॉ म्हणाला, तुझ्यासाठी माझ्याकडे एक गाणं आहे. केलीनं ते असं गायलं की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आवाजाशी झगडावं लागतं. मॅकेनिट झगडत नाही. ती ते खालच्या पट्टीत, घाई न करता गाते, आणि ग्राफ्टन स्ट्रीटचं नाव येतं तिथे किंचित थांबते. मी डब्लिन पाहिलेलं नाही. ती गल्ली मला त्या थांबण्यातूनच माहीत आहे, आणि पुढच्या सत्रात कॅव्हनॉ शिकवायचा आहे तेव्हा छापील कविता मी मुलांच्या हाती दोन्ही आवाज ऐकवून झाल्यावरच देणार आहे, आधी केलीचा, मग तिचा.